भरण आणि वाटा : सुराज्यात अपंगाचे स्थान

राज्य चांगले कोणते, या प्रश्नाला नीतिशास्त्रात अनेक उत्तरे दिलेली आढळतात. जेथे चोराचे भय नाही ते, जेथे कर माफक आहे ते, जेथे न्याय विकला जात नाही ते, अशी सुराज्याची लक्षणे सांगितली जातात. ही सर्व लक्षणे यथार्थच आहेत. परंतु धडधाकट, बोलता-चालता, आपली तक्रार कचेरीपर्यंत नेऊ शकणारा मनुष्य डोळ्यांपुढे ठेवूनच ती बहुधा योजलेली असतात. ज्याचे पाय कचेरीची पायरी चढू शकत नाहीत, ज्याचे डोळे हुकूम वाचू शकत नाहीत, ज्याच्या कानी पुकारा पोहोचत नाही, किंवा ज्याची बुद्धी व्यवहाराची गुंतागुंत उकलू शकत नाही, अशा मनुष्याला ते राज्य कसे भासते, हे पाहिल्याखेरीज सुराज्याची परीक्षा पूर्ण होत नाही.

हा प्रश्न मूठभरांचाही नव्हे. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. १९९१ च्या जनगणनेत तर अपंगांविषयीचा प्रश्नच विचारला गेला नव्हता. ज्यांची मोजदादच केली नाही त्यांच्यासाठी राज्याने तरतूद तरी कशी करावी? शिवाय आज जो दोन पायांवर उभा आहे तो अपघाताने, आजाराने किंवा केवळ वार्धक्याने उद्या याच पंक्तीत येऊन बसतो. देह धारण करणाऱ्या कोणालाही हा विषय परका म्हणता येत नाही.

विषयाच्या आरंभीच दोन शब्दांतील भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. एक 'भरण' आणि दुसरा 'वाटा'. भरण म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा देऊन जगविणे. वाटा म्हणजे घरात, गावात, व्यवहारात आणि निर्णयात हक्काचा भाग असणे. भरण पुष्कळ अंशी देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. वाटा मात्र ज्याचा त्याचा असतो, कोणी दिला म्हणून तो त्याचा होत नाही. अपंगांच्या बाबतीत भारतीय समाजाने भरणाचा धर्म बराच सांभाळला, परंतु वाटा दीर्घकाल नाकारला. भरणावाचून मनुष्य जगत नाही हे खरे. परंतु केवळ भरणाने त्याची प्रतिष्ठा राखली जात नाही. ती वाट्यानेच राखली जाते, हे येथे प्रतिपाद्य आहे.

राजनीतिग्रंथांतील विचार

कौटिलीय अर्थशास्त्रात राजाने बालक, वृद्ध, संकटग्रस्त आणि अनाथ यांचे पोषण करावे, असा आदेश आहे. त्याच ग्रंथात सूत काढण्याचे काम ज्यांच्याकडून करवून घ्यावे त्यांच्या यादीत विधवांच्या जोडीने व्यंग असलेल्या स्त्रियांचाही निर्देश येतो. म्हणजे पोषणाबरोबर काम आणि मोबदला हा विचारही तेथे आहे. परंतु याहून मार्मिक विवेचन वाक्पारुष्याच्या, म्हणजे शब्दाने केलेल्या अपमानाच्या प्रकरणात आढळते. एखाद्याला त्याच्या व्यंगावरून काणा, लंगडा असे हिणवले, तर ते वचन खरे असले तरी तीन पण दंड. खोटे असले तर सहा पण. आणि त्याच मनुष्याला 'किती सुंदर डोळे' अशा उपरोधाच्या स्तुतीने डिवचले तर बारा पण दंड सांगितला आहे.

सत्य वचनालाही दंड कशासाठी? कारण असे सत्य समग्र मनुष्याला एका व्यंगात कोंडून टाकते. त्याचे नाव, त्याचे कसब, त्याचा स्वभाव, त्याचे नातेगोते सर्व बाजूस राहते आणि उरतो तो केवळ एक फुटलेला डोळा. आणि खोट्या स्तुतीला सर्वांहून अधिक दंड कशासाठी? कारण ती गौरवाचा वेष घेऊन अपमान करते, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचीही सोय ठेवीत नाही.

हा बारा पणांचा दंड आजही विचार करावयास लावणारा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' या शब्दाच्या ठिकाणी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि शासनव्यवहारात तो रूढ झाला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन करण्यात आला. शब्द सद्भावनेने योजला गेला यात शंका नाही आणि स्वतंत्र विभाग होणे स्वागतार्हच आहे. तथापि ज्याला दिव्य म्हणावे त्यालाच एका दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्यांखाली ताटकळत ठेवावे, तर त्या गौरवाची गणना कौटिल्याच्या तिसऱ्या प्रकारातच करावी लागेल. नाव बदलल्याने पायरी सपाट होत नाही.

दायभागातील अपवाद

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, जन्मबधिर, उन्मत्त, जड, मूक इत्यादिकांना वडिलार्जित धनात वाटा नाही, असे सांगितले आहे. लगेच पुढच्याच श्लोकात त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असेही म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा आशय याहून फारसा भिन्न नाही. ही दोन विधाने एकत्र वाचली म्हणजे भरण आणि वाटा यांतील भेद स्पष्ट होतो. आंधळ्या भावाला उपाशी ठेवणारा या शास्त्रानुसार पापी ठरतो. परंतु त्याच्या वाट्याचे शेत स्वतःकडे घेणारा पापी ठरत नाही.

या शास्त्रकारांना निर्दय म्हणता येणार नाही. ज्या अर्थी अन्नवस्त्र न देणाऱ्याला त्यांनी पतित म्हटले, त्या अर्थी त्यांच्या ठिकाणी दया होती. त्या भावाला भूक लागते हे त्यांनी जाणले. तोही त्या घराचा एक धनी आहे, एवढे मात्र त्यांनी मानले नाही. आणि ज्याला वाटा नाही त्याचे अन्नही हळूहळू वाटेकऱ्यांच्या मर्जीवर येते. आई-वडील असेतोवर ताट वाढले जाते; पुढे भावजयीच्या कपाळावर आठी पडली की त्याच ताटातील घास जड होतो. वाट्यावाचूनचे भरण टिकाऊ नसते, असाच घराघरांतील अनुभव आहे.

हा अपवाद दूर होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरा पद्धती मानणाऱ्या हिंदूंपुरता तो बहुतांशी रद्द केला. जन्मतः उन्मत्त वा जड असलेल्यांना मात्र त्याही कायद्याने वगळलेलेच ठेवले. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, व्यंग वा विरूपता या कारणावरून कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही, असे स्पष्ट केले. शेताचा वाटा मिळाला. परंतु राज्याच्या कारभारातील वाट्याचा प्रश्न अद्याप बाकी होता.

या दुसऱ्या वाट्याच्या संदर्भात महाभारतातील धृतराष्ट्राचे उदाहरण सर्वांस परिचित आहे. वडील असूनही केवळ आंधळा म्हणून त्याला राज्य मिळाले नाही. ते पांडूकडे गेले. पुढे तोच सिंहासनावर बसला आणि कुलाचा नाश झाला, तेव्हा आंधळ्याच्या हाती राज्य गेल्याने असे झाले, अशी समजूत लोकांत रूढ झाली. परंतु कथा नीट पाहिली तर धृतराष्ट्राचा दोष डोळ्यांचा नव्हता. भर सभेत द्रौपदीची विटंबना चालली असता त्याच्या कानांवर जे पडत होते ते राजाला उठून उभे राहण्यास पुरेसे होते. विदुराने वेळोवेळी हिताचे सांगितले तेही त्याला ऐकू येत होते. त्याच सभेत भीष्म आणि द्रोण यांना चांगले दिसत होते, तरी तेही स्वस्थ बसले. तात्पर्य, राज्यकर्त्याची अपात्रता मोह आणि पक्षपात यांत असते, इंद्रियांच्या वैगुण्यात नसते.

कर्मफलाचा पूर्वपक्ष

येथे एक शंका उपस्थित केली जाते. देहाचे व्यंग हे पूर्वकर्माचे फळ आहे. ज्याचे त्याने भोगून संपवावयाचे आहे. त्यात राज्याने किंवा समाजाने हस्तक्षेप का करावा? दया म्हणून घास द्यावा, परंतु हक्काची भाषा कशासाठी? ही शंका उघडपणे बोलली जात नसली तरी अनेकांच्या मनात ती घर करून असते, म्हणून तिचे समाधान अवश्य आहे.

प्रथम असे की, कर्मविचार हा मनुष्याने स्वतःच्या जीवनाकडे पाहण्यासाठी सांगितलेला आहे. आपल्या दुःखाचा दोष दुसऱ्याच्या माथी न मारता आचरण शुद्ध करावे, हा त्याचा उपयोग. दुसऱ्याच्या देहाकडे बोट दाखवून त्याचे पूर्वजन्म वाचण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिलेला नाही. जीवाच्या कर्माचा हिशेब परमेश्वरच जाणे. कचेरीतील कारकुनाला किंवा शेजाऱ्याला तो ठाऊक असण्याचे कारण नाही.

दुसरे असे की, हाच युक्तिवाद करणारा मनुष्य चाळिशी लागताच स्वतः चष्मा लावतो. अंधुक दृष्टी हे कर्मफळ म्हणून तो ती भोगीत बसत नाही. नदीवर नाव घातल्याने पैलतीरी जाणाऱ्याच्या कर्मात कोणी ढवळाढवळ केली असेही तो मानीत नाही. मग चाकाच्या खुर्चीसाठी दाराशी उतार बांधला तरच कर्मसिद्धांत आडवा का यावा?

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, अपंगाच्या दुःखाचा मोठा भाग त्याच्या देहातून उत्पन्नच झालेला नसतो. कचेरीच्या दहा पायऱ्या पूर्वजन्मातून आलेल्या नाहीत. त्या गवंड्याने बांधल्या, आणि मंजूर झालेल्या नकाशाप्रमाणे बांधल्या. आंधळ्या विद्यार्थ्याला लेखनिक नाकारणारा नियम कोणा अधिकाऱ्याच्या सहीने झालेला असतो. पायांतील अशक्तपणा हा देहाचा भाग झाला. पायरी हा मनुष्यकृत भाग झाला. मनुष्यांनी जे केले ते कर्मफळाच्या नावे घालून मोकळे होणे म्हणजे स्वतःच्या कर्माचीच जबाबदारी टाळणे होय.

पायरी आणि भाषा

हा पायरीचा विचार महानुभाव वाङ्मयाला अपरिचित नाही. संस्कृतात रचना करण्यास समर्थ असलेल्या केसोबासांना श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, हा स्मृतिस्थळातील प्रसंग प्रसिद्ध आहे. पंथातील वृद्ध स्त्रिया त्यामुळे ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी कारण दिले. या कारणातील दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वृद्धांना संस्कृत येत नाही हा त्यांचा उणेपणा आहे, असे आचार्य म्हणाले नाहीत. जो ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, तो त्यांच्या हक्काचे काही हिरावून घेईल, असे त्यांनी मानले. म्हाताऱ्यांनी वर चढावे अशी अपेक्षा न करता त्यांनी ग्रंथालाच खाली उतरविले. सुगम्यता म्हणून आज ज्या तत्त्वाचा कायद्यात निर्देश होतो, त्याचा गाभा याहून वेगळा नाही.

यामागील तत्त्वविचारही उघड आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ पृथक् मानल्यावर देह हा प्रपंचाच्या बाजूस जातो. देहाचे वैगुण्य ते प्रपंचाचे वैगुण्य. त्याने जीवाची योग्यता उणी होत नाही. ऋद्धिपुरात ज्यांचे बाह्य वर्तन पाहून लोक त्यांना वेडे समजत, त्याच श्रीगोविंदप्रभूंना पंथाने पंचकृष्णांत पूजिले. ती परमेश्वराची लीळा होती, तिची तुलना कोणा रुग्णाच्या अवस्थेशी करावयाची नाही. परंतु बाह्य वर्तनाच्या मापाने आतल्याचे मोल ठरवू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील कुब्जेच्या कथेचा क्रमही असाच पाहण्यासारखा आहे. श्रीकृष्णांनी तिचा देह सरळ केला, एवढेच सामान्यतः स्मरणात राहते. परंतु तत्पूर्वी त्यांनी तिला ती कोण आहे हे विचारले, तिच्या हातच्या उटीची चौकशी केली आणि ती उटी मागून घेतली. म्हणजे प्रथम तिची ओळख, नंतर तिच्या कसबाचा आदर, आणि देहाचा विचार त्याहून नंतर. देह सरळ झाल्यावर तिला मान मिळाला असे नाही. ती वाकलेली असतानाच तो मिळाला होता. आजच्या व्यवहारात हा क्रम उलटा झालेला दिसतो. प्रथम व्यंगाची टक्केवारी विचारली जाते, आणि मनुष्य कोण, त्याला काय येते, हे विचारण्याची पाळी बहुधा येतच नाही.

हिताच्या नावाने

भरणाचे कर्तव्य पार पाडणारे राज्यही प्रतिष्ठेचा भंग कसा करू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेतील काही मतिमंद मुली व स्त्रिया यांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक धर्माच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगण्यात आले. स्त्रीसंघटना आणि विचारवंत यांनी तीव्र निषेध केल्यावर या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना अन्न मिळत होते, वस्त्र मिळत होते, छप्पर होते. भरणाच्या दृष्टीने त्यांचे राज्याने सर्व काही केले होते. परंतु त्यांच्या स्वतःच्या देहावरही त्यांचा वाटा नव्हता. काळजी घेणाऱ्यांची अडचण दूर करण्यासाठी काळजी घेतली जाणाऱ्यांचा अवयव काढला गेला, आणि त्याला हित असे नाव दिले गेले.

येथे दुसरी शंका येते. ज्यांची बुद्धीच अपुरी आहे त्यांची संमती ती कसली घ्यावयाची? त्यांच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेतल्यावाचून गत्यंतर काय? ही शंका केवळ हृदयशून्य लोकांची नव्हे. आमच्यामागे या लेकराचे कोण पाहील, या चिंतेने झोप न येणाऱ्या आई-बापांचीही ती आहे. म्हणून तिचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. सर्वांना सर्व निर्णय एकट्याने घेता येतील, असा दावा कोणीही करीत नाही. परंतु निर्णयात साहाय्य करणे आणि निर्णय हिरावून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला व्यापार कळत नाही त्यालाही कोणाच्या हातून जेवावयाचे, कोणता स्पर्श नको, कोठे भीती वाटते, हे कळते आणि खुणेने का होईना सांगता येते. ती खूण ओळखणे हे पालकाचे, परिचारिकेचे आणि अखेर राज्याचे काम आहे. जेथे खूणही मिळत नाही तेथे त्या जीवाचे हित पाहावे, पाहणाऱ्याची सोय पाहू नये. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने स्वतंत्र व समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारी वैद्यकीय क्रिया कोणाही अपंग व्यक्तीवर करता येणार नाही, असे ठरविले. शिरूरच्या घटनेनंतर हे शब्द कायद्यात येण्यास २२ वर्षे लागली.

कायद्याची वाटचाल

स्वतंत्र भारताच्या संविधानाने उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उच्चार केला आणि ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी साहाय्य देण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले. साहाय्य हा शब्द भरणाच्या बाजूचा आहे, आणि मार्गदर्शक तत्त्व न्यायालयाकरवी अमलात आणता येत नाही. १९७७ मध्ये केंद्रीय सेवेतील केवळ खालच्या दोन गटांत तीन टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. पंक्तीत घेतले, परंतु शेवटच्या पाटावर. १९९५ च्या कायद्याने प्रथमच हक्कांची व्यवस्था केली. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, आणि त्याला अनुसरून २०१६ चा कायदा झाला. पूर्वीचे सात प्रकार २१ झाले, नोकरीतील आरक्षण चार टक्के आणि उच्च शिक्षणातील पाच टक्के झाले.

परंतु कायदा कागदावर येणे आणि पायरीवर येणे यांत अंतर असते. जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे हा कायदा सांगतो. नियम २०१७ मध्ये झाले. म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगम्यतेचे मापदंड हे ऐच्छिक शिफारशींच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, बंधनकारक किमान नियम केलेच पाहिजेत. जे करावे ते इच्छेवर सोडले की ते भरणाच्या बाजूस सरकते. बंधनकारक केले की वाट्याच्या बाजूस येते. न्यायालयाच्या निर्णयाचे मर्म हेच आहे.

वाट्याच्या दिशेने काही पावले निश्चित पडली आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना घरून मतदानाची सोय देशभर मिळाली. ही सोय इष्टच आहे. मात्र तिच्या आधाराने मतदान केंद्रावरील उतार बांधणे टाळले जाऊ नये, कारण गावाबरोबर रांगेत उभे राहून मत देणे हाही वाट्याचाच भाग आहे. तमिळनाडूने २०२५ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंग व्यक्तींच्या नामनियुक्तीची तरतूद केली. आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ दृष्टिहीनतेच्या कारणावरून कोणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. धृतराष्ट्राला ज्या कारणाने सिंहासन नाकारले गेले, त्या कारणाने आता न्यायासन नाकारता येणार नाही.

खर्चाचा आक्षेप शिल्लक राहतो. थोड्यांसाठी एवढा पैसा का घालवावा, असे म्हटले जाते. याचे उत्तर वरोऱ्याजवळील आनंदवनाने दिलेले आहे. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षापात्राऐवजी कुदळ दिली. ज्यांना गावांनी वेशीबाहेर घातले होते, त्यांनी माळरानावर शेती पिकविली आणि पुढे आसपासच्या निरोगी लोकांच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारण्यास हात लावला. घेणारे देणारे झाले. असे असले तरी अपंगाने काही मिळवून दाखविले म्हणूनच त्याला प्रतिष्ठा, असे मानणेही चुकीचे होय. जो काहीच करू शकत नाही, जो अंथरुणावर पडून आहे, त्याचाही वाटा तितकाच पूर्ण आहे. निरोगी मनुष्याला नागरिकत्व मिळविण्यासाठी पराक्रम करून दाखवावा लागत नाही. मग अपंगाकडूनच ती अपेक्षा का असावी?

तात्पर्य

सुराज्याचे माप राजवाड्याच्या उंचीने घेतले जात नाही. ज्या दारातून शेवटचा मनुष्य आत येऊ शकतो त्या दाराच्या रुंदीने ते घ्यावे लागते. अन्नवस्त्र देणे हा पहिला धर्म आहे आणि तो कधीही सुटू नये. परंतु तेथे थांबणारे राज्य अपंगाला घरात ठेवते, घरचा मानीत नाही. मुलांना नागरिकशास्त्र शिकविताना हक्क आणि कर्तव्ये पाठ करून घेतली जातात. त्याबरोबर आपल्याच शाळेच्या पायऱ्या किती आहेत आणि त्या कोणाला बाहेर ठेवतात, हे त्यांना मोजावयास लावले तर त्या विषयाचा अर्थ त्यांना अधिक चांगला कळेल. मठ, मंदिरे आणि सभागृहे यांनाही ही मोजणी चुकलेली नाही. म्हाताऱ्यांसाठी ज्या परंपरेने ग्रंथाची भाषा बदलली, तिच्या अनुयायांना दाराची पायरी बदलणे जड जाऊ नये.